दुसऱ्या चुलीची चौकशी

जेवायला बसण्याआधीच पहिला घोळ झाला. मानयिंगला कुठे बसवायचं, हे कुणालाच ठरवता येईना.

टेबल चौकोनी, आठ माणसांचं. दाराकडे तोंड असलेली जागा मानयिंगच्या नवऱ्याची, रेनफूची, ती दुसरं कुणी घेत नाही. त्याच्या शेजारची मानाच्या पाहुण्याची. तिथे होणारे व्याही चान बसले होते, कोट न काढता. स्वयंपाकघराला लागून असलेला कोपरा एकेचाळीस वर्षं मानयिंगचा. पण कागदावर ती तीन वर्षांपूर्वीच हे घर सोडून गेली होती, आणि नेमकं तेच तपासायला आज दुपारी पुनर्वसन कचेरीचा माणूस येणार होता. थोरली सून हाइयान हिने जरा विचार केला आणि सासूचं बाकडं चानांच्या समोर, पाहुण्यांच्या बाजूला सरकवलं.

"आई, आज तुम्ही इथे बसा. तो आला आणि तुम्ही चुलीपाशी दिसलात तर नसती पंचाईत."

"मग वाढायचं कुणी?"

"मी आहे ना."

"तू आहेस हे दिसतंय. भातात पाणी जास्त झालंय," मानयिंग म्हणाली आणि पाहुण्यासारखी बसली.

सकाळीच घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. लुओथांग शहर वीस वर्षं डोंगराच्या पायथ्यापायथ्याने सरकत होतं. आधी त्याने नदीकाठ खाल्ला, मग धान्याचं कोठार, मग बसस्थानकामागची शेतं, आणि रेल्वेचं नवं स्थानक जाहीर झालं तसं ते या शालिंग गावाच्या भातखाचरांपर्यंत येऊन पोचलं. ज्यांची घरं पाडायची त्यांना 'नवे शालिंग' वसाहतीत गावच्या भावाने घरं मिळणार होती. नियम सोपा होता: सरकारी नोंदीच्या जितक्या कुटुंबवह्या, तितकी घरं. थोरल्या योंगमिंगची वही लग्नानंतर वेगळी झालेली, त्यामुळे त्याचं घर पक्कं. उरलेल्या एका वहीत म्हातारा, म्हातारी आणि धाकटा याओत्सू. याओत्सू चौतिसाचा, बिनलग्नाचा. लग्नाशिवाय वेगळी वही नाही, आणि शहरात घर असल्याशिवाय लग्न नाही. या भोवऱ्यातून निघायची एकच वाट होती आणि ती सगळ्या गावाला एकदमच सुचली. त्या वर्षी शालिंगमध्ये एकतीस जोडप्यांनी काडीमोड घेतला, म्हणजे एका वहीच्या दोन. सगळ्यात म्हातारा नवरा एक्क्याऐंशीचा होता. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "स्वभाव जुळत नाहीत." एकतीसच्या एकतीस अर्जांवर हेच कारण होतं.

आता चिठ्ठीने रेनफूला दिलं होतं पहिल्या इमारतीतलं तळमजल्याचं घर, उत्तरेकडे तोंड, कचराकुंडीच्या शेजारी. मानयिंगला दिलं होतं तिसऱ्या इमारतीतलं चौथ्या मजल्याचं, दक्षिणेकडे तोंड, दोन खोल्या, सज्जा.

"विहीणबाईंचा हात चांगला आहे," चान म्हणाले. ते टोफूचा कारखाना चालवत आणि कुठलीही वस्तू आधी दोन बोटांनी दाबून बघत. आत्ता ते टेबलाची कड दाबत होते. "दक्षिणेचं ऊन. पोरांच्या संसाराला छानच."

योंगमिंगने हा धागा लगेच उचलला. त्याने पिशवीतून एक कागद काढला, लाल शाईची डबी काढली आणि दोन्ही धुरावलेल्या मांसाच्या ताटलीशेजारी मांडून ठेवली.

"हा दानपत्राचा कागद, आई. घर याओत्सूच्या नावे. तपासणी झाली की लगेच अंगठा करायचा. सोमवारी तुम्ही दोघं नोंदणी कचेरीत जाऊन पुन्हा लग्न करून टाका, म्हणजे सगळं होतं तसं. नऊ युआन फी आहे, मी देतो."

"उदार आहेस," रेनफू म्हणाला. तो खुशीत होता. तांदळाच्या दारूचा दुसरा पेला त्याने स्वतःच ओतून घेतला.

मानयिंगने अळकुडीचा तुकडा तोंडात टाकला, चावून गिळला, आणि मग म्हणाली, "मी अंगठा नाही करणार. दोन्हीवर नाही."

"दोन्हीवर म्हणजे?"

"दानपत्रावर नाही. सोमवारच्यावरही नाही. घर माझ्या नावाचं निघालंय, तिथे मी राहीन."

*

हाइयानच्या हातातली पळी भातात तशीच उभी राहिली. पण डोकं थांबलं नव्हतं. ते कधीच थांबत नसे. दक्षिणेचं घर आज धाकट्याच्या नावे गेलं की गेलं. तेच सासूच्या नावे राहिलं, तर सासू सदुसष्टाची, आणि माणूस काही कायमचा जगत नाही. मग ते दोघा भावांचं. तीन वर्षं ती हा हिशेब मनात घोळवत होती आणि बोलायला तोंड नव्हतं. आज सासूनेच दार उघडलं होतं.

"आई म्हणतात त्यातही अर्थ आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "म्हातारपणी माणसाला स्वतःचं काही असावं."

योंगमिंगने बायकोकडे पाहिलं. गेल्या महिन्यात हीच म्हणाली होती की दानपत्राचा कागद लवकर कर. 'लवकर कर' म्हणजे 'मला नीट वाचून बघू दे' असा अर्थ होता हे त्याला आत्ता कळलं.

"तू गप बस, हाइयान. आई, हे काय नवीन? तू तिकडे राहिलीस ती तपासणीसाठी. मीच तुला शिकवलं ना सगळं? एकच दात घासायचा ब्रश, पुरुषाची चप्पल नाही, एकाच माणसाचं भांडं, चूल संध्याकाळी पेटलेली दिसली पाहिजे. ते खोटं होतं."

"तू चांगलं शिकवलंस," मानयिंग म्हणाली.

आणि ते खरंच होतं. बसस्थानकामागे शेवयांच्या दुकानाच्या पाठीमागची ती खोली. पहिले दोन महिने ती रात्री दिवा लावून झोपायची. कचेरीची माणसं न सांगता येत, बिछाना उचलून बघत. चार वेळा आली. तिसऱ्या वेळेपर्यंत तिला त्यांची भीती वाटेनाशी झाली होती, कारण ती माणसं दार वाजवून येत. एकेचाळीस वर्षांत तिच्यासाठी कुणी दार वाजवलं नव्हतं. ती जिथे असे तिथे सगळे सरळ आत घुसत. पहाटे ती दुकानात पाला निवडून द्यायची, त्याचे थोडे पैसे मिळत. दुपारी माशाचं एक डोकं आणायची, कमी तिखटाचं शिजवायची, आणि गरम असताना खायची. सासरी आल्यापासून गरम जेवण तिला आठवतच नव्हतं. वाढून सगळ्यांचं होईपर्यंत जे उरे ते गारच असे. या कुणाला सांगायच्या गोष्टी नव्हत्या. सांगितल्या असत्या तर हसले असते.

"विहीणबाई," चानांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, "मी साधा माणूस. माझी हुइछिन एकोणतीस वर्षांची आहे. दोन स्थळं घरावरून मोडली. तुमच्या याओत्सूला हो म्हणालो ते त्याच्या तोंडाकडे बघून नाही."

"ते कळलंच," हाइयान पुटपुटली.

"घर त्याच्या नावे झालं तर नववर्षाच्या वसंतोत्सवाआधी लग्न. नाही तर नाही."

"मी त्यांना घराबाहेर थोडंच काढतेय?" मानयिंग म्हणाली. "खोल्या दोन आहेत. एक त्यांची. हुइछिनने यावं, राहावं. तिला स्वयंपाकही करायला लागणार नाही."

"मुलगी दिली ती भाडेकरू म्हणून नाही, बाई. उद्या तुमचं मन फिरलं तर?"

याओत्सू एवढा वेळ भांड्यात बघत जेवत होता. त्याच्याबद्दल चाललेली कुठलीही चर्चा तो अशीच ऐकायचा, शेजारच्या टेबलावर चाललेली असावी तशी.

"तू काहीतरी बोल की," योंगमिंग त्याच्यावर खेकसला.

"भात चांगला झालाय," याओत्सू म्हणाला.

*

रेनफूचा तिसरा पेला भरलेला होता, पण तो आता पीत नव्हता. त्याला पहिल्यांदा वाटलं, बायको घासाघीस करते आहे. बायकांना शेवटी काहीतरी हवंच असतं, एखादी अंगठी, नवी शिलाई मशीन. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिला काहीच नको आहे हे त्याला दिसलं.

गेल्या आठवड्यात त्याने शहरातून रुंद रजई आणली होती. तीन हिवाळे तो एकटा झोपला, स्वतःचं स्वतः रांधलं, डाव्या हाताला दोनदा भाजून घेतलं, आणि कुणाजवळ बोलला नाही; कारण हे सगळं थोड्या दिवसांसाठी होतं. मुलांसाठी केलेला त्याग होता. आणि त्यागात एकट्यालाच तोटा झालाय हे आज जेवताना समजत होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तो कचेरीवाला येऊ दे. मी सांगतो, काडीमोड खोटा होता. मुलांनी करायला लावला. मग दुसरं घर रद्द. तुझं नाही, याओत्सूचं नाही, कुणाचंच नाही. आणि तू येशील इथेच. जाशील कुठे?"

 चानांनी पुन्हा टेबलाची कड दाबून पाहिली.

"बाबा," योंगमिंग उठला आणि त्याने बापाला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. हाइयान मागोमाग गेली. घरच्या भिंतीवर लाल रंगात 'पाडा' असं लिहिलेलं होतं, त्याच्या बरोबर खाली म्हातारा उभा राहिला.

"असलं काही बोलायचं नाही," योंगमिंग दबक्या आवाजात म्हणाला. "खोटं ठरलं तर नुसतं घर जाणार नाही. दंड होईल. माझं घरही तपासायला घेतील. अर्जावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे."

"पण ते खोटंच होतं."

"होतं. आता नाही. बाबा, तीन वर्षं दोन चुली आहेत. सरकारी शिक्का आहे. आई वेगळी राहते. याला खरं नाही तर काय म्हणायचं?"

"तूच म्हणालास सोमवारी सगळं होतं तसं होईल."

"म्हणालो."

हाइयानने सासऱ्याच्या अंगावरची धूळ झटकली, जरा मऊपणाने. "बाबा, खरंच सांगते. तुम्ही दोघं वेगळे झालात ते आम्हाला कधीच कळलं होतं. फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

योंगमिंग आणि हाइयान तीन वर्षांत पहिल्यांदा एकाच बाजूला होते, आणि म्हातारा एकटा दुसऱ्या बाजूला. ज्या मुलाने बापाला समजावलं होतं की हे फक्त कागदावर आहे, काळजी करू नका, तोच मुलगा आता बापाच्या मनात ते खरं करायला धडपडत होता. रेनफूला हसू आलं असतं, पण त्याचे गाल थंडीने आखडले होते.

*

पुनर्वसन कचेरीचा फू हा सर्दी झालेला पोरगेला कारकून होता. सकाळपासून हे त्याचं नववं घर. त्याने दारूला नाही म्हटलं, गरम पाणी घेतलं, खिशातून छापील कागद काढला.

"दोघं इथेच आहात, बरं झालं. नाही तर त्यांच्या खोलीवर जावं लागलं असतं." मग त्याने टेबलाकडे पाहिलं. "एकत्र जेवताय?"

"पाहुण्या आहेत त्या," हाइयान म्हणाली. "सोयरीक जमतेय, म्हणून बोलावलं."

फूने बाकड्यांची मांडणी पाहिली आणि मान डोलावली. "काका, विभक्त होण्याचं कारण सांगा. 'स्वभाव जुळत नाहीत' असं सांगू नका. साहेबांनी सांगितलंय, ते लिहून आणलंस तर कागद तुझ्याच तोंडावर फेकीन. स्वतःच्या शब्दांत सांगा."

सगळे रेनफूकडे पाहत होते. योंगमिंगच्या कपाळावर थंडीतही घाम होता. मानयिंग मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. नवऱ्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, तिचं घर नाहीसं होणार होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि विनवायचं नाही हेही तिने ठरवलेलं होतं.

"कारण," रेनफू म्हणाला आणि थांबला. काहीतरी बनवून सांगायचं म्हणून त्याने डोक्यात शोधलं. मारहाण? कधी केली नव्हती. जुगार? तोही नाही. शोधता शोधता त्याच्या हाताला जे लागलं ते तो बोलत गेला.

"ती सगळ्यांच्या मागून जेवायची. मी कधी थांब म्हणालो नाही. लिहा."

फूने लिहिलं. "एवढ्यावर कुणी वेगळं होत नाही, काका."

"तिला तिखट सोसत नाही. मला ठाऊक होतं. घरात तिखटच शिजायचं."

"आणखी?"

"तिची आई गेली तेव्हा निरोप आला. तेलफळांचा हंगाम होता, गावच्या घाण्यावर आमची पाळी आलेली. मी म्हटलं, पाळी संपली की जा. तीन दिवस ठेवून घेतली. ती पोचली तोवर माती झाली होती." त्याने पेल्याकडे पाहिलं. "परत आली ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तेल गाळायला बसली. मला वाटलं, विषय संपला."

फूची लेखणी जरा रेंगाळली. चान कोटाच्या बटणाशी खेळत होते. फूने नाक पुसलं आणि लिहिलेलं मानयिंगला वाचून दाखवलं, कारण तिला वाचता येत नव्हतं.

"बरोबर आहे का, मावशी?"

"चार दिवस," मानयिंग म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडेच होतं. "तीन नव्हे. चार."

फूने तीन खोडून चार केलं आणि खाडाखोडीवर सही केली. मानयिंगने अंगठा लाल केला, दाबला. रेनफूने सही केली. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत होतं आणि आज ते नेहमीपेक्षा नीट आलं.

"तीन वाजता किल्ल्या मिळतील," फू म्हणाला आणि दहाव्या घराकडे निघाला.

त्याची पाठ वळताच योंगमिंगने दानपत्र आईपुढे सरकवलं. डबी उघडीच होती, अंगठा अजून लालच होता.

"आई, आता एवढं एक."

"नाही," मानयिंग म्हणाली आणि अंगठा चोळण्याला पुसला. निळ्या कापडावर तो डाग गडद उमटला.

चान उठले. त्यांनी आणलेली दारूची बाटली आणि शेंगदाण्यांची पिशवी टेबलावर होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. त्यांना आपला शब्द परत घ्यायचा होता, वस्तू नव्हे. दारात ते मानयिंगपाशी थांबले. "तुमच्या जागी माझी बहीण असती, तर मी म्हटलं असतं, बरं केलंस. पण मी मुलीचा बाप आहे."

"ठाऊक आहे," मानयिंग म्हणाली. "हुइछिनला सांगा, तिचा राग माझ्यावर असू दे."

*

तीन वाजता याओत्सूने आईला स्कूटरवर कचेरीत नेलं, कारण दुसरं कुणी नेईना. हाइयान भांडी घासत होती, आणि सासूने घर राखलं यात आनंद मानावा की दिराचं लग्न मोडलं याचं वाईट वाटून घ्यावं, याचा तिचा हिशेब अजून लागला नव्हता. योंगमिंगने बापाशी आणि आईशी, दोघांशीही बोलणं टाकलं होतं. रेनफू उठून आत गेला आणि आडवा झाला.

तिसऱ्या इमारतीखाली सिमेंटची पोती, फुटक्या फरश्या, कुणाचे तरी आधीच वाळत घातलेले कोबी. याओत्सूने स्कूटर बंद केली. कचेरीतून मिळालेल्या कड्यात तीन किल्ल्या होत्या. मानयिंगने नखाने कडं फाकवलं, एक सोडवली. तिला वेळ लागला. बोटं गारठली होती.

"ही तुझी."

याओत्सूने ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. चांगली होती, जड. बारा वर्षं तो दूर तोंगक्वान शहरातल्या कारखान्यात बुटांचे तळवे चिकटवत होता आणि सहा जणांच्या खोलीत वरच्या खाटेवर झोपत होता. किल्ली त्याच्याकडे कधी नव्हती.

"हुइछिनने मेसेज केलाय," तो म्हणाला.

"काय म्हणते?"

"काही नाही. 'बाबांनी सांगितलं' एवढंच."

मानयिंगच्या ओठांवर 'मी चुकले का' हा प्रश्न आला होता. तो हो म्हणाला असता तर तिने अंगठा दिला असता, आणि म्हणूनच तिने विचारला नाही.

"तू राग धरलास?" तिने त्याऐवजी विचारलं.

"नाही." तो खरंच विचार करून बोलत होता. "बाबा बोलत होते तेव्हा मला आठवलं, तू जेवायला कधी दिसायचीसच नाही. मला लहानपणी वाटायचं, तुला भूक नसते." त्याने किल्ली तिच्या तळव्यावर परत ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "ही ठेव. माझ्याकडून हरवेल. मी उद्या सकाळच्या गाडीने परत जातो. रजा उगाच जातेय."

"वसंतोत्सवाला येशील?"

"बघतो. त्या दिवसांत दुप्पट पगार देतात."

"जेवायला तरी वर ये. भांडं एकच आहे, पण दुकानातून मागून आणते."

"दादाकडे कपडे राहिलेत," तो म्हणाला आणि स्कूटर वळवली.

ती चार मजले चढली, प्रत्येक मजल्यावर थांबत. दाराचा नवा रंग अजून चिकट होता. आत ऊन होतं, चिठ्ठीने कबूल केलं होतं तेवढं, सज्ज्यापासून अर्ध्या फरशीपर्यंत. ती पहिल्या खोलीत गेली आणि तिथेच रिकाम्या जमिनीवर टेकली. थोड्या वेळाने पाय गार पडले. दुसऱ्या, याओत्सूसाठी धरलेल्या खोलीच्या खिडकीला अजून काच बसवली नव्हती आणि तिथून वारा येत होता. ती उठली आणि तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं.